बेरीज बरोब्बर एक्स येणारे सबअ‍ॅरे मोजायचेत, दोन लूपने टीएलई (वेळ संपला) येतोय आणि स्लायडिंग विंडोने उत्तर चुकतंय

शिकाऊ_सातारा

नमस्कार मंडळी,

टीई कॉम्पला (इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष) आहे, कॅम्पसची तयारी म्हणून सीएसईएस साइटचा प्रॉब्लेम सेट सोडवायला घेतलाय, त्यात सॉर्टिंग अँड सर्चिंगमध्ये सबअ‍ॅरे सम्स टू म्हणून प्रश्न आहे तिथे अडकलोय. प्रश्न दिसायला एकदम साधा आहे. एन आकड्यांचा अ‍ॅरे दिलाय, एक्स दिलाय, ज्या सबअ‍ॅरेची म्हणजे सलग तुकड्याची बेरीज बरोब्बर एक्स येते असे तुकडे किती ते सांगायचं. एन २ लाखांपर्यंत, आकडे आणि एक्स दोन्ही उणे १०० कोटी ते अधिक १०० कोटी, टाइम लिमिट १ सेकंद.

मी आधी दोन लूप लावले, बाहेरचा लूप सुरुवात ठरवतो आणि आतला पुढे पुढे बेरीज करत जातो, लहान टेस्टला सगळं बरोबर, मोठ्याला टीएलई. मग याच्या आधीचा प्रश्न सबअ‍ॅरे सम्स वन मी स्लायडिंग विंडोने, म्हणजे तुकड्याचं डावं उजवं टोक पुढे सरकवत, सोडवला होता तोच कोड इथे टाकला, तर राँग आन्सर. हातावर करून बघायला हा छोटा अ‍ॅरे घेतला:

३, १, −१, २, −२, ३ आणि एक्स = ३

दोन लूपवाला कोड ६ म्हणतो, विंडोवाला २ म्हणतो. ६ बरोबर आहे हे मी मोजून बघितलं.

नेटवर प्रीफिक्स सम (सुरुवातीपासूनची बेरीज) आणि हॅशमॅप (कुठला आकडा किती वेळा आला हे लगेच सांगणारी नोंदवही) असं सोल्युशन सापडलं, पाच सहा ओळींचंच आहे, सबमिट केलं तर चालेलही. पण मला ते पाठ करायचं नाहीये. विंडो नेमकी कुठे फसते, आणि त्या सोल्युशनमध्ये सुरुवातीलाच मॅपमध्ये ० ची मोजणी १ का टाकून ठेवतात, हे दोन्ही कोणी नीट समजावून सांगाल का?

---

कोडवाली_ताई

विंडोचं मी सांगते, हॅशमॅपचं कोणीतरी सांगेलच.

सबअ‍ॅरे सम्स वनमध्ये सगळे आकडे पॉझिटिव्ह होते. विंडो चालते ती फक्त त्या एका गोष्टीवर. उजवीकडे एक आकडा घेतला की बेरीज वाढणारच आणि डावीकडचा एक काढला की कमी होणारच, तिसरं काही होऊच शकत नाही. म्हणून बेरीज एक्सच्या वर गेली की आपण डावीकडचा आकडा बिनधास्त सोडून देतो, कारण तो ठेवून पुढे कितीही गेलो तरी बेरीज अजून वरच जाणार, परत एक्सवर येणार नाही. सोडलेल्या आकड्याकडे पुन्हा बघायची गरज नाही ही खात्री असते म्हणूनच ते एन च्या प्रमाणातल्या पावलांत होतं.

आता तुझाच अ‍ॅरे घे. पहिला ३ घेतला, बेरीज ३, मोजणी १. मग १ घेतला, बेरीज ४ झाली, ३ च्या वर गेली म्हणून विंडोने पहिला ३ टाकून दिला. इथेच घात झाला बघ. कारण पुढचा आकडा −१ आहे, तो ३ आत असता तर ३, १, −१ ची बेरीज परत ३ झाली असती. आणि त्याच्याही पुढे ३, १, −१, २, −२ ची पण ३ च आहे. हे दोन्ही तुकडे त्या एका ३ पासून सुरू होतात आणि तो तर गेला. पुढे विंडोत १, −१, २, −२, ३ जमा होतात, बेरीज ३, मोजणी २, आणि अ‍ॅरे संपला. या शेवटच्या ३ वर संपणारे आणखी दोन तुकडे आहेत, २, −२, ३ आणि नुसता ३, पण विंडो एका वेळी एकच सुरुवात धरून असते त्यामुळे तेही हुकले.

म्हणजे बघ, एकाच ठिकाणी संपणारे तीन तीन तुकडे बरोबर असू शकतात. निगेटिव्ह सोड, नुसते शून्य आले तरी हे होतं. त्यामुळे विंडोमध्ये इकडे तिकडे इफ घालून हे दुरुस्त होणार नाही, तो विचारच इथे लागू नाही. मुलं यावर तासन् तास घालवतात म्हणून आवर्जून सांगतेय.

इंटरव्ह्यूला असा प्रश्न आला की तोंडातून पहिलं वाक्य हेच निघायला हवं, आकडे निगेटिव्ह किंवा शून्य असू शकतात का. उत्तरावर अख्खी पद्धत बदलते.

---

मास्तर_लातूर

ताईंनी विंडोचं अगदी नेमकं सांगितलंय. मी पुढचं सांगतो, जरा लांबेल पण सावकाश वाच.

सबअ‍ॅरे हा शब्द थोडा वेळ बाजूला ठेव. बँकेचं पासबुक डोळ्यासमोर आण. एका रकान्यात जमा किंवा नावे, शेवटच्या रकान्यात शिल्लक. तुझा अ‍ॅरे म्हणजे जमा नावेचा रकाना आहे आणि प्रीफिक्स सम म्हणजे शिल्लकेचा रकाना. आता कोणी विचारलं की अमुक ओळीपासून तमुक ओळीपर्यंत खात्यात एकूण किती भर पडली, तर आपण मधल्या सगळ्या ओळी बेरजा करत बसतो का? शेवटची शिल्लक वजा त्या आधीची शिल्लक, झालं. मध्ये पैसे काढले असतील, भरले असतील, काही फरक पडत नाही, म्हणून निगेटिव्ह आकड्यांचं भयच संपलं.

तेव्हा प्रत्येक सबअ‍ॅरे म्हणजे दोन शिलकांची जोडी आहे, एक आधीची आणि एक नंतरची. बेरीज एक्स पाहिजे म्हणजे नंतरची वजा आधीची बरोबर एक्स. प्रश्न आता असा झाला: अशा जोड्या किती?

जोड्या मोजायला परत दोन लूप लावलेस तर पुन्हा तिथेच येशील. २ लाख आकड्यांचे तुकडेच सुमारे २००० कोटी होतात, १ सेकंदात साधारण १० कोटी साध्या स्टेप्स होतात असा ठोकताळा धरला तर २०० सेकंद लागतील, मशीन दहापट फास्ट धरलं तरी २०. म्हणून जोडीतला एकच जण हातात धरायचा, नंतरचा, आणि त्याला विचारायचं की बाबा तुझा जोडीदार कोण असेल. आत्ताची शिल्लक पी असेल तर जोडीदाराची शिल्लक पी वजा एक्सच असली पाहिजे, दुसरी कुठलीही चालणार नाही. मग शोधायचं काय उरलं? पी वजा एक्स ही शिल्लक आत्तापर्यंत किती वेळा येऊन गेली, एवढंच. कुठे आली होती हे लागतच नाही, किती वेळा आली एवढं लागतं, कारण प्रश्न मोजायचा आहे, तुकडे छापायचा नाही. आणि किती वेळा आली हे आपण चालता चालता एका मॅपमध्ये लिहीत आलो तर ते लगेच मिळतं.

तुझ्याच उदाहरणावर करू. सुरुवातीची शिल्लक ०. पुढे ओळीने ३, ४, ३, ५, ३, ६. एक्स ३ आहे.

शिल्लक ३ आली, पाहिजे ०, ती एकदा येऊन गेलीय, उत्तर १.
शिल्लक ४, पाहिजे १, कधीच आली नाही.
शिल्लक ३, पाहिजे ०, एकदा, उत्तर २.
शिल्लक ५, पाहिजे २, नाही.
शिल्लक ३, पाहिजे ०, एकदा, उत्तर ३.
शिल्लक ६, पाहिजे ३, आणि ३ तर तीन वेळा येऊन गेलीय, म्हणून एकदम ३ मिळवायचे, उत्तर ६.

शेवटची पायरी नीट बघ. ताईंनी जे तीन तुकडे सांगितले एकाच ठिकाणी संपणारे, ते तिन्ही इथे एका झटक्यात मोजले गेले. विंडोला जे जमत नव्हतं ते हेच.

आता तुझा ० चा प्रश्न. पहिल्या पायरीत आपण म्हणालो की ० ही शिल्लक एकदा येऊन गेलीय, ती कधी आली? अजून एकही आकडा वाचला नव्हता तेव्हा. जे तुकडे अ‍ॅरेच्या अगदी पहिल्या आकड्यापासून सुरू होतात त्यांची आधीची शिल्लक म्हणजे हे रिकामं खातं. ते मॅपमध्ये लिहून ठेवलं नाही तर असे सगळे तुकडे हुकतील, तुझ्या उदाहरणात ६ च्या जागी ३ येईल, करून बघ.

आराखडा असा:

मोजणी[०] = १, बेरीज = ०, उत्तर = ०
अ‍ॅरेतल्या प्रत्येक आकड्यासाठी
　　बेरीज मध्ये आकडा मिळव
　　मोजणी मध्ये (बेरीज − एक्स) असेल तर तिची मोजणी उत्तरात मिळव
　　मोजणी[बेरीज] एकने वाढव

शेवटच्या दोन ओळींचा क्रम बदलू नको. आधी विचारायचं, मग स्वतःची नोंद करायची. उलटं केलंस आणि एक्स ० असेल तर प्रत्येक शिल्लक स्वतःचीच जोडीदार होते, म्हणजे रिकामा तुकडा मोजला जातो आणि उत्तर बरोब्बर एन ने जास्त येतं. एक्स ० नसेल तर ही चूक दिसतच नाही, त्यामुळे लहान टेस्टमध्ये लपून राहते.

---

ठाणेकर_८८

मास्तरांनी आयडिया क्लिअर केलीच आहे, मी फक्त सबमिट करताना जिथे माती खातात लोक ते सांगतो कारण लॉजिक बरोबर असून लाल रंग बघायला मिळाला की फार त्रास होतो.

पहिलं, सी प्लस प्लसमध्ये इंट (लहान पूर्णांकाचा प्रकार) वापरू नकोस, कुठेच नको. शिल्लक २ लाख गुणिले १०० कोटी म्हणजे २ वर १४ शून्य इथपर्यंत जाऊ शकते हे बऱ्याच जणांच्या लक्षात येतं, पण उत्तर सुद्धा इंटमध्ये मावत नाही हे विसरतात. सगळे आकडे ० आणि एक्स पण ० अशी टेस्ट विचार कर, प्रत्येक तुकडा बरोबर, २ लाखाला उत्तर २००० कोटी १ लाख. इंटची मर्यादा २१४ कोटीच्या आसपास. इंट ठेवलास तर बहुतेक कंपायलरवर स्क्रीनवर −१४७४७३६४८० दिसेल. मोजणीचं उत्तर निगेटिव्ह दिसलं की दुसरं काही शोधू नकोस, ओव्हरफ्लोच आहे, म्हणजे आकडा मावला नाही. बेरीज, उत्तर, मॅपची की सगळं लाँग लाँग (मोठा पूर्णांक).

दुसरं, मॅपमध्ये चौकटी कंसाने विचारलंस आणि ती की नसेल तर सी प्लस प्लस ती की ० मोजणीने तयार करून टाकतो. उत्तर चुकत नाही पण मॅप उगाच दुप्पट फुगतो, मेमरी जाते आणि वेळ पण. फाइंडने विचार, सापडलं तरच मिळव. पायथनच्या डिफॉल्टडिक्टचं पण सेम आहे, तिथे गेट वापर आणि नसेल तर ० दे.

तिसरं, अनऑर्डर्ड मॅपवर, म्हणजे सी प्लस प्लसच्या हॅशमॅपवर, डोळे झाकून विश्वास नको. जीसीसी कंपायलरमध्ये पूर्णांकाचा हॅश म्हणजे तोच आकडा असतो, काही ढवळाढवळ नाही, आणि तो मॅपच्या आतल्या कुठल्या खणात जाणार हे त्या वेळी किती खण आहेत त्याने भागून उरलेल्या बाकीवर ठरतं. खणांची संख्या ठरलेल्या प्राइम आकड्यांमधून वाढत जाते. जीसीसी ७ पासून पुढे त्यात १०७८९७ हा एक आहे, जुन्या व्हर्जनला १२६२७१. आता कोणी मुद्दाम अ‍ॅरेतला प्रत्येक आकडा १०७८९७ दिला तर तुझी प्रत्येक शिल्लक त्याच्या पटीत, तेवढे खण असतात त्या काळात सगळ्या शिलका एकाच खणात कोंबल्या जातात आणि प्रत्येक नवीन नोंदीला पूर्ण रांग चाळावी लागते. म्हणजे नावाला हॅशमॅप आणि काम एन स्क्वेअरचं (एन गुणिले एन). कोडफोर्सेस या कॉन्टेस्ट साइटवर तर लोक एकमेकांना हॅक करताना, म्हणजे दुसऱ्याचा कोड पाडणारा इनपुट देताना, हेच वापरतात. रिझर्व्ह लिहिलं की सुरक्षित असं काही जण सांगतात, तसं नाहीये, रिझर्व्हने खण आधीच मागून ठेवल्यामुळे मधले रीहॅश (खण वाढवून परत मांडणी) वाचतात एवढंच, खणांचा आकडा दुसरा झाला तरी तो ठरलेलाच असतो.

उपाय म्हणजे स्वतःचं हॅश फंक्शन द्यायचं ज्यात घड्याळाच्या वेळेवरून एक रँडम आकडा मिसळलेला असतो, स्प्लिटमिक्स६४ नावाने शोध, तयार मिळतं.

---

मास्तर_लातूर

ठाणेकर, मुद्दे तिन्ही महत्त्वाचे. पण नवीन शिकणाऱ्याला मी आधी साधा मॅप वापरायला सांगेन. आकडे क्रमाने लावलेल्या झाडावर चालतो, एका शोधाला साधारण १८ तुलना, कितीही वाईट इनपुट आला तरी फार तर त्याच्या दुप्पट, २ लाखाला एकूण ३६ लाख, त्या विचारण्याच्या आणि नोंदीच्या मिळून दुप्पट धर. १ सेकंदात आरामात बसतं. स्वतःचं हॅश फंक्शन लिहायची वेळ एन बराच मोठा झाल्यावर येते. जावावाल्यांना तर ही काळजी आणखी कमी, जावा ८ पासून हॅशमॅपचा एखादा खण फार भरला की तो आतल्या आत झाडात बदलतो.

---

ठाणेकर_८८

मान्य, या प्रश्नाला मॅप पुरेसा आहे. मी कॉन्टेस्ट खेळतो त्यामुळे सवय म्हणून सांगितलं, तिथे सरसकट कस्टम हॅशच ठेवतो.

---

शिकाऊ_सातारा

मास्तर, ताई, दादा, मनापासून धन्यवाद. शिल्लकेची जोडी हे डोक्यात बसल्यावर कोड न बघता लिहिता आला, साधा मॅप आणि लाँग लाँग, पास झाला.

आता पुढचं विचारू का? बेरीज बरोब्बर एक्स ऐवजी बेरीजेला के ने भाग जातो असे तुकडे, किंवा ज्यात विषम आकडे बरोब्बर के आहेत असे, हे पण असंच होतं का? आणि एका मित्राला त्याच्या ऑनलाइन टेस्टमध्ये बेरीज एल आणि आर च्या मध्ये असलेले तुकडे मोजा असं आलं होतं, निगेटिव्ह आकड्यांसकट. तिथे जोडीदाराची शिल्लक एकच ठरत नाही, एक पट्टाच येतो, मग मॅपला काय विचारायचं?

---

कोडवाली_ताई

भाग जाण्याचं आणि विषमचं मी सांगते, पट्ट्याचं मास्तर सांगतील, ते खरं मजेशीर आहे.

भाग जाणारे: दोन शिलकांच्या फरकाला के ने भाग जातो म्हणजे दोघींची बाकी सारखी. म्हणून शिल्लक लिहायचीच नाही, के ने भागून उरलेली बाकी लिहायची. बाकी ० ते के वजा १ एवढीच असू शकते, के आवाक्यात असेल तर मॅप पण नको, के लांबीचा साधा अ‍ॅरे पुरतो. तुझ्याच अ‍ॅरेत के ३ घेतला तर शिलका ०, ३, ४, ३, ५, ३, ६ आणि बाक्या ०, ०, १, ०, २, ०, ०. शून्य पाच वेळा आलं, पाचातून दोघांच्या जोड्या १०, बाकीच्यांना जोडीदार नाही, उत्तर १०. एक जपायचं: बेरीज −७ आणि के ५ असेल तर सी प्लस प्लस आणि जावा बाकी −२ देतात, पायथन ३ देतो. −२ आणि ३ खरं तर एकाच गटातले, पण कोडमध्ये वेगळे पडतात, वर −२ हा इंडेक्स वापरला की कोड अ‍ॅरेच्या बाहेर जातो. म्हणून बाकी काढली की त्यात के मिळवून परत बाकी काढ.

विषम आकडे बरोब्बर के: विषमच्या जागी १ लिही, समच्या जागी ०, आणि बेरीज के येणारे तुकडे मोज. झालं. इथे शिलका ० ते एन मध्येच राहतात म्हणून साधा अ‍ॅरेच. ० आणि १ सारख्याच संख्येने असलेले तुकडे मोजायचे असतील तर ० च्या जागी −१ लिहायचा आणि बेरीज ० शोधायची. एक्सऑरचे (बिट ताडून करायची क्रिया) प्रश्न येतात ते पण असेच, तिथे वजा करायच्या ऐवजी परत एक्सऑर करायचा.

पण सगळीकडे ही चावी लावू नकोस हं. ज्या गोष्टीत पुढचा मोठा भाग आणि मागचा छोटा भाग माहीत असला की मधला काढता येतो तिथेच हे चालतं. तुकड्यातला सर्वात मोठा आकडा अमुक असेल असे तुकडे मोजा म्हटलं तर नाही चालणार. सुरुवातीपासून इथपर्यंतचा सर्वात मोठा ५ आहे आणि तिथपर्यंतचा पण ५, मधल्या तुकड्यात काय आहे हे त्यावरून काहीच कळत नाही. त्याला मोनोटॉनिक स्टॅक लागतो, तो वेगळा विषय.

---

मास्तर_लातूर

पट्ट्याकडे येऊ. लीटकोड साइटवर काउंट ऑफ रेंज सम, नंबर ३२७, तो हाच.

आत्ताची शिल्लक पी असेल तर जोडीदाराची शिल्लक पी वजा आर पासून पी वजा एल पर्यंत कुठेही चालेल. म्हणजे प्रश्न असा: आत्तापर्यंत येऊन गेलेल्या शिलकांपैकी या पट्ट्यात किती? हॅशमॅपला हा प्रश्न कळतच नाही, तो फक्त बरोब्बर ही आहे का एवढंच सांगतो, कोण मोठं कोण लहान हे त्याला माहीत नाही. आपल्याला आता क्रम ठेवणारं काहीतरी पाहिजे.

पहिला मोह मल्टीसेटचा होतो. शिलका क्रमाने राहतात, लोअर बाउंडने पट्ट्याची दोन्ही टोकं लगेच मिळतात, पण त्या दोन टोकांच्या मध्ये किती आहेत हे मोजायला डिस्टन्स लावलंस की तो एकेक पाऊल चालत मोजतो आणि परत एन स्क्वेअर. कोड वरून एकदम सुबक दिसतो त्यामुळे भलेभले फसतात.

चालतं ते फेनविक ट्री, बायनरी इंडेक्स्ड ट्री पण म्हणतात, पीटर फेनविक यांनी १९९४ च्या पेपरात मांडलेलं. आपल्याला सगळ्या शिलका आधीच काढून ठेवता येतात, कारण अ‍ॅरे पूर्ण हातात आहे. त्या सॉर्ट कर, एकसारख्या काढून टाक, आणि प्रत्येकीला नंबर दे. तुझ्या अ‍ॅरेत वेगळ्या शिलका पाचच आहेत, ०, ३, ४, ५, ६, त्यांना नंबर १ ते ५. शिल्लक २ वर १४ शून्य एवढी मोठी असली तरी नंबर जास्तीत जास्त २ लाख १ होतो, म्हणून झाड लहान राहतं. आता शिल्लक आली की तिच्या नंबरवर १ मिळवायचा, आणि पट्टा विचारायचा असेल तर वरच्या टोकापर्यंत किती वजा खालच्या टोकाच्या आधी किती.

एल २ आणि आर ३ घेऊन कर. सुरुवातीची ० नोंदवलेली आहेच. शिल्लक ३ ला पट्टा ० ते १, त्यात एक. ४ ला १ ते २, कोणी नाही. ३ ला परत एक. ५ ला पट्टा २ ते ३, तोवर ३ दोनदा आलीय, म्हणून दोन. ३ ला एक. शेवटच्या ६ ला पट्टा ३ ते ४, त्यात ३ तीनदा आणि ४ एकदा, म्हणून चार. एकूण ९. ताळा करायचा तर बरोब्बर ३ वाले ६ आपण मोजलेच आहेत, बरोब्बर २ वाले ३ निघतात, करून बघ.

झाड आतून कसं चालतं: नंबर बायनरीत लिहायचा, किती आहेत हे विचारताना त्यातला सर्वात उजवीकडचा १ काढत काढत खाली यायचं आणि वाटेतले आकडे मिळवायचे, नोंद करताना तोच १ मिळवत मिळवत वर जायचं. २ लाखाला बायनरीत १८ च आकडे लागतात म्हणून विचारणं असो की नोंद असो, जास्तीत जास्त १८ पावलं. एकूण एन लॉग एन, म्हणजे २ लाख गुणिले १८ च्या घरात.

पट्ट्याची टोकं पी वजा आर आणि पी वजा एल स्वतः कधी शिल्लक म्हणून आलेलीच नसतात बहुतेक वेळा, त्यामुळे त्यांचा नंबर मॅपमध्ये शोधू नको, सॉर्ट केलेल्या यादीत बायनरी सर्च कर. खालच्या टोकाला लोअर बाउंड (तेवढी किंवा मोठी अशी पहिली शिल्लक), वरच्याला अपर बाउंड (त्याहून मोठी अशी पहिली). हे उलटसुलट झालं की पट्ट्याच्या काठावरचे तुकडे तेवढे चुकतात आणि उत्तर एक दोनने इकडे तिकडे येतं.

फेनविक नको असेल तर मर्ज सॉर्टमध्येही होतं. शिलकांचे दोन अर्धे भाग सॉर्ट होऊन आले की डाव्या अर्ध्यातल्या सगळ्या आधीच्या आणि उजव्यातल्या सगळ्या नंतरच्या, हे ठरलेलं असतं. उजवीकडच्या प्रत्येक शिलकेला डावीकडे तिचा पट्टा दोन पॉइंटरने धरायचा, आणि उजवीकडची शिल्लक वाढत जाते तसे दोन्ही पॉइंटर पुढेच सरकतात, मागे येत नाहीत. मोजून झालं की मर्ज. इन्व्हर्जन काउंट (उलट क्रमातल्या जोड्या मोजणं) केलं असशील तर हे त्याचंच भावंड आहे.

---

ठाणेकर_८८

एक जोडतो. पट्ट्याच्या प्रश्नाला काही जण बेरीज आर पर्यंत असलेले तुकडे मोजून त्यातून बेरीज (एल − १) पर्यंत असलेले वजा करायचे, आणि दोन्ही स्लायडिंग विंडोने, असं सांगतील. आकडे सगळे ० किंवा पॉझिटिव्ह असतील तर ते खरंच बरोबर आहे आणि लिहायला सोपं पण. निगेटिव्ह आले की ताईंनी वर सांगितलेलं तेच होणार.

आणि मास्तर म्हणाले तसं काठावर एक दोनने चुकलं तर नुसतं कोड बघून सापडत नाही. तुझा दोन लूपवाला कोड फेकून देऊ नकोस, तो हळू आहे पण बरोबर आहे. एक छोटी स्क्रिप्ट लिही, लांबी १ ते ८, आकडे −३ ते ३, एल आणि आर पण तेवढेच लहान आणि एल हा आर पेक्षा मोठा होणार नाही असे, रँडम अ‍ॅरे बनवायचे आणि दोन्ही कोडची उत्तरं ताडून बघायची, फरक पडला की थांबून तो अ‍ॅरे छापायचा. आकडे लहान ठेवायचं कारण असं की मग शिलका सारख्या सारख्या येतात आणि पट्ट्याच्या काठावर बरोब्बर पडतात, चुका तिथेच असतात. मोठे रँडम आकडे घेतलेस तर दोन शिलका सारख्या यायची वेळच येत नाही आणि चुकीचा कोड पण पास होत राहतो. फरक पडलेला अ‍ॅरे सापडला आणि तरी कळलं नाही तर तोच इथे टाक, लांबी ४ किंवा ५ चा असला तर आम्हाला पण हातावर करून बघता येईल.